समुपदेशक शोधताना: कुणाचं दार ठोठवायचं, फोनवर काय विचारायचं, कधी बदलायचं

‘ओळखीचा चांगला काउन्सेलर आहे का कुणाच्या?’ असं सोसायटीच्या किंवा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारून बघा. थोड्या वेळात चार-पाच नंबर येतात. त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ असतो, एक दहावीनंतरच्या करिअरचं मार्गदर्शन करणाऱ्या बाई असतात, एक रेकीवाले, आणि एकाच्या कार्डावर ‘लाइफ कोच अँड हीलर’ छापलेलं असतं. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण विचारणारा आधीच थकलेला असतो, आणि यातल्या नेमक्या कुणाला फोन करायचा हे त्याला कुणीच सांगत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर असल्याचं आढळलं होतं. त्याला लाज, पैसा, तज्ज्ञांची कमतरता अशी सगळी कारणं आहेत. पण एकदा हिय्या करून चुकीच्या माणसाकडे गेले, ‘मन घट्ट करा’ एवढंच ऐकून परत आले आणि पुन्हा कधी फिरकलेच नाहीत, अशी माणसंही आपल्या आजूबाजूला पुष्कळ असतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

जिवावरची वेळ असेल तर

घरातलं कुणी ‘मला जगायचंच नाही’ म्हणत असेल, निरवानिरवीचं बोलत असेल, तर समुपदेशक शोधत बसू नका. १४४१६ वर फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. धोका अगदी समोर दिसत असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा किंवा माणसाला थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. तोवर त्याला एकटं सोडू नका. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध कुलपात हवं आणि किल्ली दुसऱ्याकडे. गोळ्यांचा डबाही तसाच. ‘मरायचे विचार येतात का?’ असं सरळ विचारलं तर माणसाच्या डोक्यात तो विचार घुसतो, ही भीती निराधार आहे. विचारल्याने बहुतेकदा त्याला हलकंच वाटतं.

पोलिस केसच्या धास्तीने कित्येक कुटुंबं अशा प्रसंगी रुग्णालयात खोटं सांगतात किंवा जातच नाहीत. रुग्णालय पोलिसांना कळवतं, जबाब होतो, हे खरं आहे. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम तिच्यात नाही. तेव्हा काय घेतलं, किती घेतलं, हे डॉक्टरांना खरं सांगा.

पाटीवर कोण आहे ते आधी बघा

मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे लोक ज्यांना सायकॅट्रिस्ट म्हणतात, ते एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम झालेले डॉक्टर. या लेखात पुढे येणाऱ्या बाकीच्यांना औषध लिहून देता येत नाही, यांना येतं. त्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते, आणि परिषदेच्या वेबसाइटवर नाव टाकून ती तपासता येते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतात. मानसशास्त्रात एमए करून पुढे एम.फिल. किंवा साय.डी. केलेले हे लोक भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, नोंदवहीत असतात. बुद्ध्यांक, व्यक्तिमत्त्व, मुलांमधल्या अध्ययन अक्षमता अशा चाचण्या आणि बोलण्यातून केले जाणारे उपचार हे त्यांचं काम. आरसीआयचा क्रमांक मागायला लाजू नका. ज्याच्याकडे तो असतो, तो आनंदाने देतो.

तिसरे समुपदेशक. इथे सावध राहायचं. २०२१ मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी जो कायदा केला, त्यात समुपदेशकही आले आहेत. पण प्रत्यक्षात आज गल्लीतल्या पाटीवर ‘काउन्सेलर’ लिहायला कुणी अडवत नाही. एमए करून, वरिष्ठांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं काम केलेल्या अतिशय समर्थ समुपदेशक बाई आणि शनिवार-रविवारच्या कोर्सचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून लावलेला माणूस, दोघांची पाटी सारखीच दिसते. म्हणून तपासणं आपल्यावर येतं. त्यासाठी काय विचारायचं ते पुढे देतो.

सरकारी रुग्णालयांत आणि संस्थांत सायकियाट्रिक सोशल वर्करही भेटतात. त्यांना लोक विनाकारण दुय्यम समजतात. घरातली भांडणं, नोकरी, सरकारी योजना, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र या गुंत्यात त्यांच्याइतकी मदत दुसरं कुणी करत नाही.

मग आधी कुणाकडे?

काही गोष्टींत सरळ मनोविकारतज्ज्ञाकडे जा. आठवडेच्या आठवडे झोप आणि भूक बिघडली आहे. कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असा ठाम संशय आहे किंवा नसलेले आवाज ऐकू येतात. दोन-तीन दिवस न झोपताही माणूस प्रचंड उत्साहात आहे, भसाभस पैसे उधळतोय. बाळंतपणानंतर आई बाळाकडे बघत नाही किंवा भलतंच काही बोलते. या ठिकाणी नुसतं बोलून भागत नाही, आणि उशीर महागात पडतो.

दारू रोजची असेल आणि सुटत नसेल तर घरच्या घरी एका दिवसात बंद करायला लावू नका. सवय जुनी असेल तर अशाने झटके येऊ शकतात, ते वैद्यकीय देखरेखीखालीच व्हायला हवं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय. तिथे जाणं जमणार नसेल तर जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहेच.

आजी-आजोबा एक-दोन दिवसांतच असंबद्ध बोलू लागले, माणसं ओळखेनात, तर आधी फिजिशियन. सोडियम उतरणं किंवा लघवीचा संसर्ग एवढंही त्यामागे असू शकतं. तरुण माणसातही सततचा थकवा आणि उदासी असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घेणं चांगलं.

नात्यातली ताणाताणी, घटस्फोटाचा निर्णय, परीक्षेची धास्ती, कुणाच्या जाण्याचं न ओसरणारं दुःख, कामावरची घुसमट, लग्नाआधीच्या शंका: इथे समुपदेशकाकडे किंवा सायकॉलॉजिस्टकडे सुरुवात करायला हरकत नाही. त्यांना गरज दिसली तर ते डॉक्टरांकडे पाठवतात. जो कधीच कुणाला पुढे पाठवत नाही, त्याच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नसतं.

नावं कुठून काढायची

पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक सोडलं तर लोक म्हणतात, ‘आमच्याकडे कुणी नाहीच.’ बहुतेकदा असतं. ते जिल्हा रुग्णालयात असतं आणि आपण तिकडे बघत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम ही योजना देशात १९९६ पासून आहे. तिच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर आणि परिचारिका अशी पदं असतात, आणि हे पथक ठरलेल्या वारी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांतही जातं. तुमच्या तालुक्याचा वार कुठला, हे ग्रामीण रुग्णालयात किंवा गावच्या आशाताईंना विचारा. पदं रिकामी असणं, डॉक्टर त्या दिवशी प्रशिक्षणाला गेलेले असणं हेही घडतं, म्हणून निघण्याआधी फोन करावा.

जिल्हा रुग्णालयात सकाळी लवकर पोचा. केसपेपरच्या खिडकीवर ‘मानसिक विभाग’ एवढं म्हणा, तिथल्या माणसाला कारण सांगायची गरज नाही. बाकावर शेजारी बसलेली बाई मुलाला फिट येते म्हणून आलेली असेल, पलीकडचे काका झोपेच्या गोळ्या न्यायला. ‘वेड्यांची रांग’ म्हणून जी धास्ती मनात असते, ती त्या बाकावर बसल्यावर बरीचशी उतरते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं या निर्णयात नाहीत, पण तिथलेही दर खासगीच्या तुलनेत नगण्य असतात. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), सगळीकडे मनोविकार विभागाची ओपीडी आहे. वेळ कमी मिळतो, गर्दी असते, पण निदान पक्कं होऊन जातं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहेत. तिथे गेलं म्हणजे दाखल करून घेतात, असं अजिबात नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी राज्य सरकारचा ‘प्रेरणा प्रकल्प’ आहे. त्याबद्दल १०४ वर विचारता येतं.

संस्थांमध्ये ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केली. एकाच छताखाली डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट, आधारगट असं सगळं तिथे मिळतं, आणि काम मराठीत चालतं. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था सरकारी आहे, आणि संगाथ ही संस्था १९९६ पासून काम करते. फोनवर बोलायचं असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही हेल्पलाइन आहे. १४४१६ चा उपयोगही केवळ आणीबाणीपुरता नाही. ‘मी लातूरला राहतो, जवळ कुणाला भेटू?’ असं तिथे विचारता येतं.

फॅमिली डॉक्टरला ‘कुणी चांगलं आहे का?’ असं विचारलं तर ते आपल्या मित्राचं नाव देतील. त्याऐवजी विचारा, ‘तुम्ही पाठवलेले पेशंट कुणाकडे टिकतात?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला ते थोडा वेळ घेतील, आणि ते उत्तर जास्त कामाचं असेल. गुगलवरच्या ताऱ्यांवर मात्र विसंबू नका. मानसिक आजाराबद्दल स्वतःच्या नावाने परीक्षण लिहिणारे थोडेच, त्यामुळे तिथे एक तर भारावलेले भेटतात, नाही तर चिडलेले.

लहान गावात आणखी एक अडचण असते. समुपदेशक बाई आपल्या वहिनीच्या भिशीत असतात. अशा वेळी शेजारच्या तालुक्यातला माणूस शोधा किंवा ऑनलाइन भेटी घ्या. ऑनलाइनसाठी घरात एकांत नसेल तर बंद गाडीत बसून किंवा शेतावर जाऊन बोलणारे कितीतरी आहेत. नेटची रेंज तेवढी आधी बघून ठेवा.

परदेशातल्या मराठी माणसांना भारतातल्या समुपदेशकाशी मातृभाषेत बोलावंसं वाटतं, त्यात गैर काही नाही. पण आजार गंभीर असेल तर तिथल्याच परवानाधारकाकडे जा. अमेरिकेत हा परवाना राज्यागणिक वेगळा असतो. मध्यरात्री काही झालं तर पुण्यातल्या बाई न्यू जर्सीत काहीच करू शकत नाहीत.

फोनवर काय विचारायचं

सगळ्यात जास्त लोक या पायरीवर अडतात. नंबर सेव्ह असतो आणि महिना निघून जातो. बोलवत नसेल तर मेसेज करा: ‘नमस्कार मॅडम. मला स्वतःसाठी समुपदेशनाची वेळ हवी आहे. तीन महिन्यांपासून झोप लागत नाही, कामावर लक्ष राहत नाही. शनिवारी दुपारनंतर जमेल. आपली फी आणि पत्ता कळवाल का?’ एवढं पुरे. पूर्ण कहाणी लिहू नका.

फोन लागला तर हे विचारा. तुमचं शिक्षण काय, आरसीआय नोंदणी आहे का? नसेल तर कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली काम केलंत? माझ्यासारख्या अडचणीवर आधी काम केलंय का? तुमची पद्धत कुठली? इथे ‘सीबीटी’ किंवा ‘आरईबीटी’ असं काही कानावर पडेल. अल्बर्ट एलिस यांची ही दुसरी पद्धत, विवेकनिष्ठ मानसोपचार, महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली, त्यामुळे मराठी समुपदेशकांत ती बरीच चालते. पद्धतीचं नाव तुम्हाला कळायलाच हवं असं नाही. समोरच्याला ती साध्या मराठीत सांगता येते का, एवढं बघा. ‘मी सगळ्याच पद्धती वापरते, रिझल्ट शंभर टक्के’ असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा.

आणखी दोन प्रश्न: भेट किती मिनिटांची, आणि ऐनवेळी रद्द केली तर फी लागते का? साधारण ४५ ते ६० मिनिटं मिळायला हवीत.

पैशाचं

मोठ्या शहरांत खासगी भेटीची फी बहुतेकदा हजार रुपयांच्या आसपास सुरू होते आणि अनुभवी लोकांकडे दोन-अडीच हजारांच्या वर जाते. जिल्ह्याच्या गावी कमी. दर आठवड्याला जायचं म्हटलं तर महिन्याचा आकडा मोठा होतो, म्हणून पहिल्याच फोनवर ‘तुमच्याकडे सवलतीचे दर आहेत का?’ विचारा. अनेक जण विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखून ठेवतात, पण पाटीवर लिहीत नाहीत. भेटींमधलं अंतर पंधरा दिवसांचं करता येतं. निदान आणि औषधं सरकारी रुग्णालयातून, बोलणं खासगी समुपदेशकाकडे, अशी वाटणी पुष्कळ घरांत चालते आणि चांगली चालते.

विम्याबाबत २०१७ च्या कायद्याचं कलम २१ स्पष्ट आहे: शारीरिक आजारासारखंच संरक्षण मानसिक आजाराला द्यायचं. मात्र बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात. समुपदेशनाच्या भेटी ओपीडीत मोडतात, त्यामुळे पॉलिसीत ओपीडी आहे का ते पाहा. कंपनीत नोकरी असेल तर एचआरकडे कर्मचारी साहाय्य योजनेची चौकशी करा. तिथे काही भेटी मोफत असतात. साहेबाला काय कळवलं जातं, हे मात्र पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

पहिली भेट

ती बरीचशी त्यांच्या प्रश्नांत जाते: झोप, जेवण, घरी कोण कोण, आधी काही उपचार, घराण्यात कुणाला त्रास. ‘हे कशाला विचारतात?’ असं वाटेल, पण ते लागतं. जुन्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. मधुमेहाच्या आणि आयुर्वेदिक गोळ्यांचीसुद्धा. काय बोलायचं ते सुचणार नसेल तर कागदावर चार ओळी लिहून न्या आणि तोच कागद पुढे करा. रडू येतं, त्यात काही नाही. टेबलावर टिश्यूचा डबा त्यासाठीच ठेवलेला असतो.

गुप्ततेबद्दल तोंडी विचारा: ‘यातलं कुणाला सांगाल?’ मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ गुप्ततेचा हक्क देतं, पण त्याला अपवाद आहेत. जिवाला धोका असेल तर सांगावं लागतं. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चांगला समुपदेशक हे स्वतःहून आधीच सांगतो. मुलगा-मुलगी अठराच्या आतली असेल तर आई-वडिलांना किती सांगायचं, हे तिघांच्या समोर ठरवून घ्या. नाहीतर मूल तोंडच उघडत नाही.

घरच्यांना सांगायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. सांगायचं ठरलं तर ‘मला डिप्रेशन आलंय’पेक्षा ‘आई, मला महिनाभर झोप नाही, डॉक्टरांकडे जायचंय, तू चल’ हे लवकर पोचतं. घरातली मोठी माणसं आधी देवऋषाकडे किंवा बाबाकडे न्यायचा हट्ट धरतात. त्यावर वाद घालण्यात दिवस घालवू नका. अंगारा लावायचा तर लावा, पण डॉक्टरांची वेळ आणि गोळ्या चुकता कामा नयेत. मारहाण, डांबून ठेवणं, साखळीने बांधणं मात्र सहन करायचं नाही. मंत्रतंत्राच्या नावाखालचे असे प्रकार महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहेत.

जमत नसेल तर

एका भेटीत बरं वाटायला हवं असं नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत मात्र हा माणूस आपलं ऐकतो आहे आणि आपण कुठल्या दिशेने चाललोय, एवढं जाणवायला हवं. नाही जाणवलं तर तसं बोलून दाखवा: ‘मॅडम, मला वाटतंय आपण तिथल्या तिथेच फिरतोय.’ कसलेल्या समुपदेशकाला याचा राग येत नाही. उलट तिथून काम सुधारू शकतं. सहा-आठ भेटींनंतर दोघांनी मिळून आढावा घ्यावा.

काही गोष्टी दिसल्या तर आढाव्याचीही वाट बघू नका. पत्रिका मागणं, खडा सुचवणं, दुसऱ्या पेशंटची गोष्ट नावानिशी सांगणं, रात्री-अपरात्री खासगी मेसेज, नको तो स्पर्श, जातीधर्मावरून शेरे, चालू गोळ्या ‘माझ्या जबाबदारीवर’ बंद करायला सांगणं. समलिंगी मुलाला ‘लग्न करून टाका, सगळं ठीक होईल’ म्हणणाऱ्याकडून तर लगेच उठा. अशा ‘बदलून टाकण्याच्या’ उपचारांना राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. तक्रार डॉक्टरविरुद्ध असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, नोंदणीकृत सायकॉलॉजिस्टविरुद्ध असेल तर आरसीआयकडे करता येते. नोंदणी नसलेल्यासाठी संस्था किंवा ग्राहक आयोग उरतो, आणि स्पर्शाचा प्रकार असेल तर थेट पोलिस.

बदलताना पहिल्याकडून उपचारांचा लेखी सारांश मागून घ्या. आपल्या वैद्यकीय नोंदी बघायचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २५ देतं. मनोविकारतज्ज्ञ बदलत असाल तर नव्या डॉक्टरांची वेळ आधी ठरवा, जुन्या गोळ्या तोवर चालू ठेवा आणि मधल्या दिवसांपुरता साठा घरात आहे ना, ते बघून ठेवा.